अठ्ठ्याऐंशीवर कोण राहतं

“मग शंभरात नेमके किती उगवणार, हे कधीच कळायचं नाही म्हणता?” इराप्पाने विचारलं.

चनबसू अप्पा मठाच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

“कळेल की,” ते म्हणाले. “सगळं बी ओल्या गोणपाटात घाल. पाचव्या दिवशी मोज. एका दाण्याचीही चूक व्हायची नाही.”

इराप्पाचा चेहरा उजळला. बी होतं एकशे वीस पाट्या. गोणपाटं पाचही गावांतून मागवता येतील, मोजायला तो स्वतः बसेल, तहानभूक विसरून बसेल...

“मोजून झालं की आकडा हातात,” अप्पा म्हणाले. “मग पेरशील काय?”

...

अप्पांनी सोललेले चार शेंगदाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

आता हा मठ कुठला, तर काळ्या रानातला. पाच गावांच्या मधोमध, लिंबाच्या झाडाखाली. मठाच्या आवारात एक पेव होतं. जमिनीच्या पोटात खणलेली धान्याची कोठी, वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि त्या तोंडावर दगड. सुगी झाली की घरटी एक पायली ज्वारी मठात यायची आणि पेवात उतरायची. पेरणीच्या वक्ताला तीच ज्वारी बी म्हणून घरोघर परत जायची.

पण पेवातलं बी सगळं एकसारखं राहत नाही. मधलं टिकतं, कडेचं ओल धरतं, तळातलं ऊब धरतं. म्हणून पेरणीआधी अप्पा पेवाच्या दगडावर उभे राहून आकडा बोलायचे. यंदा शंभरात इतके उगवतील.

त्या आकड्यावर बाया चाड्यावर मूठ धरायच्या. तिफणीवर बी सोडायची लाकडी वाटी असते ना, तेच चाडं. आकडा मोठा असला तर मूठ आवळून धरायची, लहान असला तर जरा सैल. आकडा चुकला की मूठ चुकली, आणि मूठ चुकली की वर्ष गेलं. विरळ उगवलं तर रानात मधेमधे रिकाम्या खांडण्या पडायच्या. दाट उगवलं तर ताटाला ताट घासून कणसं चिमणीएवढी व्हायची.

बावीस वर्षं अप्पाच आकडा बोलत आले होते. यंदा त्यांनी सांगून टाकलं होतं, आकडा इराप्पा बोलेल.

इराप्पा म्हणजे अप्पांचा चार वर्षांपासूनचा चेला. त्याआधी शहरातल्या मोठ्या मठात गणित शिकलेला. कितीही मोठा गुणाकार घाला, डोळे अर्धे मिटून तोंडावर उत्तर. पाहुणे आले की कोणीतरी त्याला मुद्दाम एखादा गुणाकार घालायचं आणि तोही मुद्दाम थोडा वेळ लावायचा. मठाच्या रानात तीस वर्षं चाड्यावर मूठ धरणारी सुगलाबाई त्याला पंडित म्हणायची. ती मानाने म्हणत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी ऐकायला गोड लागायचंच.

पहिल्यांदा मठात आला तेव्हा त्याने या पायरीकडे बोट दाखवून विचारलं होतं, मधोमध हा खोलगा कोणत्या पाथरवटाने काढला? अप्पा म्हणाले होते, जे जे आत आले त्या सगळ्यांनी. कोणी कडेने चढलं, कोणी अगदी भिंतीला घासून. पण बहुतेक सगळे मधल्याच बाजूने आले.

तेव्हा तो नुसता हसला होता.

तर यंदा पेव उघडलं. एक दिवस तोंड उघडं ठेवून आतली वाफ जाऊ दिली, मग बी बाहेर काढलं. एकशे वीस पाट्या आवारात ओळीने मांडल्या. बियाचा नमुना काढायची मठाची जुनी रीत होती, ती अप्पांनी इराप्पाला आणि सुगलाबाईला दोघांना नीट सांगितली.

बारा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितक्या पाट्या पुढे जायचं. तिथं थांबून डोळे मिटायचे, कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ भरायची. मग ती मूठ फडक्यावर पसरून एका कडेने शंभर दाणे मोजायचे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. मग पुन्हा कवड्या. एक मूठ सुगलाबाईची, एक इराप्पाची, असं करत वीस पुड्या.

इराप्पाला हे पोरखेळासारखं वाटलं. त्याने अप्पांना विचारलं होतं, कवड्या कशाला? मला दिसतंय की कुठली पाटी कशी आहे ते.

“तुला दिसतंय, म्हणूनच कवड्या,” अप्पा म्हणाले होते.

दोघं पुड्या बांधायला लागले. सुगलाबाई ओट्यावर बसून मोजायची, पानाचा तोबरा भरून, दाणे जसे येतील तसे. इराप्पा देवाच्या गाभाऱ्याशी आसन घालून मोजायचा. तिची एक पुडी व्हायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट याला. ती म्हणाली, पंडित दाण्यांना नावं ठेवून बारसं करतोय वाटतं.

पाचव्या दिवशी गोणपाटं उलगडली. पांढरे कोंब बघून सुगलाबाईने आधी हात जोडले, मग मोजायला बसली.

इराप्पाने पायरीवर कोळशाने रेघा ओढल्या, सत्तरपासून शंभरपर्यंत. ज्या पुडीत जितके उगवले त्या रेघेवर एक खडा ठेवायचा. सुगलाबाईच्या पुड्यांना काळा खडा, त्याच्या पुड्यांना पांढरा. ही युक्ती त्याची स्वतःची, आणि अप्पांनी ती वाखाणलीही होती.

सुगलाबाईचे दहा खडे पडले. ऐंशीवर दोन, आजूबाजूला एकेक, आणि दोन एकटे लांब. एक चौऱ्याहत्तरवर, एक शहाऐंशीवर.

इराप्पाचे दहा पडले. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. एक तर अठ्ठ्याण्णववर. सगळे एकमेकांना खेटून.

त्याची छाती फुगली. सुगलाबाईने नुसतं “अगं बाई” म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

इराप्पाने डोळे अर्धे मिटले. तिचे आठशे, माझे नऊशे साठ. एक हजार सातशे साठ, भागिले वीस...

“अठ्ठ्याऐंशी,” तो म्हणाला. “अप्पा, उद्या अठ्ठ्याऐंशी बोलतो.”

अप्पा खाली वाकले. गुडघे दुखत होते, तरी वाकले. त्यांनी कोळशाच्या रेघांवरून बोट फिरवत नेलं आणि अठ्ठ्याऐंशीच्या रेघेवर ठेवलं.

रेघ रिकामी होती.

“इथं कोण राहतं?” अप्पांनी विचारलं.

...

इराप्पाने पाहिलं. अठ्ठ्याऐंशीवर खडा नव्हता. सत्त्याऐंशीवर नव्हता, नव्वदवर नव्हता. अलीकडे एक वस्ती होती, पलीकडे एक वस्ती होती. मधे ओसाड.

अप्पांनी जवळच्या पाटीतून ओंजळभर ज्वारी उचलली आणि उंचावरून फडक्यावर सोडली. हळूहळू ढीग झाला. मधे उंच, कडेला उतरता, आणि चार दाणे भलतीकडे घरंगळलेले. पायरीचा खोलगा उलटा करून ठेवावा तसा.

त्यांनी पुन्हा ओंजळ सोडली. पुन्हा तसाच एक ढीग.

“पेव एकच होतं ना रे?” अप्पा म्हणाले.

पेव एकच, कवड्या त्याच, पाट्या त्याच. मग ढीग दोन का? इराप्पाला एकच उत्तर सुचलं आणि ते त्याने बोलून टाकलं. म्हणाला, सुगलाबाईंचा हात जड आहे, कोंब मोडले असतील मोजताना.

सुगलाबाईने तोबरा थुंकला आणि पदर खोचला. तीस वर्षांत या हाताखालून किती खंडी बी गेलं, याचा हिशोब पंडिताने आधी डोळे मिटून सांगावा म्हणाली. मग माझा हात जड का हलका ते बघू.

अप्पांनी दोघांकडे हसून पाहिलं. म्हणाले, भांडू नका. माझ्यासमोर दोघंही शंभर-शंभर मोजा.

सुगलाबाई बसली. एका कडेने, चार-चार दाण्यांनी, गप्पा मारत, पंचवीस वेळा. संपलं.

इराप्पा बसला. एक, दोन, तीन, चार... त्याची बोटं फार सुरेख चालायची. सात, आठ...

अप्पांनी पटकन त्याचा अंगठा धरला.

“हा कुठं निघाला होता?”

इराप्पाने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. जणू दुसऱ्याच कोणाचा असावा. अंगठ्याखाली एक दाणा होता, टोकाला काळा पडलेला. अंगठा त्याला बाजूला सारत होता.

...

“अप्पा, हा... हा किडका आहे.”

“दिसतंय मला.”

“किडका दाणा तुमच्यापुढे कसा ठेवायचा?”

आता हे त्याने काही लबाडीने केलं नव्हतं. त्याची आई मठात धान्य द्यायची ते सूप मांडीवर घेऊन, दाणा-दाणा निवडून. खडा नको, पोचट नको, फुटका नको. लहानपणी त्यालाही शेजारी बसवायची आणि म्हणायची, गुरूच्या ताटात जायचंय ते, नीट बघ. ते जे बोटांत बसलं ते बसलंच. डोळे मिटून मूठ भरायला अप्पांनी सांगितलं तसे त्याने मिटले होते. पण मोजताना डोळे उघडले आणि बोटांनी त्यांचं काम सुरू केलं. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

“काढलेले दाणे कुठं आहेत?” अप्पांनी विचारलं.

इराप्पाने मान खाली घातली आणि उपरण्याचं टोक पुढे केलं. टोकाला बोराएवढी गाठ होती. टाकवले नव्हते त्याच्याने. अन्न ते.

सुगलाबाईने गाठ सोडून पाहिली. काळ्या टोकाचे, चिमटलेले, फुटके, दीडदोनशे दाणे असतील. ती काहीतरी लागेल असं बोलणार होती, पण त्याचा चेहरा पाहून बोलली नाही. गाठ पुन्हा बांधून त्याच्या हातात दिली.

अप्पा मात्र मोकळे हसले. हसता हसता खोकला आला, तरी हसले.

“माझ्या ताटात असंच निवडून वाढ रे बाबा,” ते म्हणाले. “चारच दात उरलेत मला. पण पेवाला काही विचारायला गेलास, तर त्याचं किडकंसुद्धा ऐकून घ्यायचं.”

इराप्पाने पांढरे खडे एकेक करून उचलले. दहाही उचलले. पायरीवर सुगलाबाईचे काळे तेवढे उरले.

मग तो म्हणाला, मी पुन्हा दहा पुड्या बांधतो. या खेपेला नीट बांधतो.

पण ते होण्यासारखं नव्हतं. पुडी उगवायला पाच दिवस, आणि रानाला वाफसा आला होता. ओल खाली उतरायच्या आत बी पडायला हवं. उद्या सकाळी पाचही गावं दारात येणार, आकडा मागणार, पाट्या नेणार.

“एवढ्या दहाच खड्यांवर बोलायचं?” इराप्पाने विचारलं. “एक खडा चौऱ्याहत्तर म्हणतो, एक शहाऐंशी. कोणाचं ऐकू?”

अप्पांनी सुगलाबाईकडे पाहिलं. म्हणाले, बाई, तुम्ही सांगा याला.

सुगलाबाई म्हणाली, “एकलं पोर जत्रंत कुठंबी भरकटतंय. पर धा पोरं एकमेकांचा हात धरून चालली, तर लांब जातात व्हय?”

इराप्पा तिच्याकडे बघतच राहिला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला काही विचारलं. म्हणाला, मग दहा जणं मिळून किती लांब जातील?

तिने खांदे उडवले. ते पंडिताचं काम.

तो पायरीवर बसला. अर्धे मिटायचे ते डोळे या वेळी उघडेच ठेवून बसला. बोटांनी मोजलं, खोडलं, पुन्हा मोजलं. बराच वेळ गेला. शेवटी त्याने कोळसा घेतला आणि ऐंशीच्या दोन्ही अंगांना दोन खुणा केल्या. एक सत्त्याहत्तरवर, एक त्र्याऐंशीवर.

“यांच्या आत असावं,” तो म्हणाला. “असावं, एवढंच म्हणतो.”

अप्पांनी मान हलवली.

“आणि बाहेर निघालं तर?” इराप्पाने विचारलं.

“निघतं कधी कधी,” अप्पा म्हणाले. “बावीस पेवं बोललो मी. रीतीने मुठी काढल्या, रीतीने मोजल्या. एक पेव बाहेर निघालं.”

“त्या साली माझं रान असं उगवलं व्हतं,” सुगलाबाई म्हणाली आणि तोंड उघडून वरच्या दोन पडलेल्या दातांच्या मोकळ्या जागा दाखवल्या.

“तेव्हा तुमची चूक काय झाली होती, अप्पा?”

“काही नाही.”

...

इराप्पाला हे उत्तर सगळ्यांत जड गेलं. चूक असती तर ती शोधून काढता आली असती. पुढच्या खेपेला टाळता आली असती. गाठ त्याने उपरण्यात तशीच ठेवली.

सकाळी पाच गावं आली. बैलांच्या घुंगरांनी आवार भरलं. अप्पा लिंबाखाली घोंगडीवर बसले आणि इराप्पा पेवाच्या दगडावर चढला. समोर तीनशे माणसं असतील. सगळ्यांची नजर त्याच्या तोंडाकडे.

अठ्ठ्याऐंशी हा आकडा मोठा देखणा होता. अजून जिभेवर होता. तो बोलला असता तर लोकांनी पेवाचं कौतुक केलं असतं, अप्पांचं केलं असतं, त्याचंही केलं असतं. पेरणी होऊन आठ दिवस तरी केलं असतं.

“ऐंशी,” तो म्हणाला. “दोन-तीन इकडे, दोन-तीन तिकडे. त्याच्यासुद्धा बाहेर जाईल असं वाटत नाही. पण जाणारच नाही, असं मी सांगू शकत नाही.”

आवारात कुजबूज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, चनबसू अप्पा एकच आकडा सांगायचे, नव्या स्वामींना तीन लागतात. थोडे हसले. एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हणजे मूठ धरायची कशी ते तरी सांग.

“ऐंशीची धरा,” इराप्पा म्हणाला. “खांडण्या पडल्या तर त्यांत पुन्हा दाणे टोचायला थोडं बी राखून ठेवा. मठही दोन पाट्या राखून ठेवतोय.”

कुजबूज थांबली. लोक अप्पांकडे वळून बघायला लागले. अप्पा पानाच्या देठाने दात कोरत होते. त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही.

मग सुगलाबाई गर्दीतून पुढे आली. दगडापाशी येऊन तिने पदराची ओटी पसरली आणि बी मागितलं.

तिच्यामागे रांग लागली.

मठाची एक रीत शेवटी उरते. आकडा जो बोलेल, पहिल्या तासाला, म्हणजे तिफणीच्या पहिल्या ओळीला, चाड्यावर मूठ त्यानेच धरायची. बावीस वर्षं अप्पांनी धरली. यंदा मठाच्या रानात तिफण उभी राहिली तेव्हा सुगलाबाई बाजूला सरली आणि चाड्यापाशी इराप्पाला जागा करून दिली. त्याची बोटं तिने आपल्या हाताने नीट बसवली. इतकी आवळ, इतकी सैल, ही तुझी ऐंशी. हात हलका हाय हं पंडिताचा, असंही म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता.

अप्पा बांधावर काठी टेकून उभे होते.

इराप्पाने कमरेला बांधलेल्या ओटीतून मूठ भरली. मुठीत चांगले दाणे होते, काळ्या टोकाचेही होते. कोणते किती ते त्याने पाहिलं नाही. त्याने बांधाकडे मान वळवली.

“अप्पा,” तो म्हणाला, “बाहेर निघणारं पेव हेच असलं तर?”

अप्पांनी ऐकलं की नाही कळलं नाही. बैल चालू लागले. फण मातीत शिरले, ओल्या काळ्या मातीचा वास वर आला. इराप्पाने मूठ चाड्यावर धरली. त्याने डोळे घट्ट मिटले आणि बोटं सैल केली...

तिफण थांबली. अप्पा ढेकळं तुडवत तासापर्यंत आले होते. गुडघ्यांचं दुखणं विसरून आले होते. त्यांनी आपला खरबरीत तळवा इराप्पाच्या गालाला लावला.

“मिटायचे ते घेताना, लेकरा,” अप्पा म्हणाले. “सोडताना उघड.”